लाईट सुरू व्हायच्या आधी: रेडिएशनची तयारी आणि मधले दिवस

रेडिएशनची तारीख मिळाली की घरात पहिला विषय निघतो तो काय काय बंद ठेवायचं याचा. दुकान बंद, देवदर्शन बंद, लेकीच्या लग्नाची बोलणी पुढं, आमच्या जाऊबाईंनी तर यंदा गौरी नकोत म्हणून परस्पर सांगून टाकलं होतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. लाईट, म्हणजे आपल्याकडं रेडिएशनलाच लाईट म्हणतात, ती रोज असते पण रोज थोडाच वेळ असते, त्यामुळं आधी नीट तयारी केली तर उरलेला दिवस तुमचा राहतो, आणि तयारी नाही केली तर तोच दिवस फाईल शोधण्यात, रिक्षा शोधण्यात आणि रांगेत जातो. म्हणून हे लिहितेय.

मी सांगलीत ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि केमो झाल्यावर छातीला रेडिएशन झालं, पुढं काही वर्षांनी मणक्याच्या हाडात दिसला तेव्हा पाठीला झालं. गोळ्या चालू आहेत, इंजेक्शन चालू आहेत, कॅन्सरही आहे आणि दुकानही आहे. डॉक्टर नाही मी, तेव्हा यातलं जे औषधाचं, खाण्याचं, व्यायामाचं आहे ते तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारूनच करा.

आधी डॉक्टरांना काय विचारायचं

वहीत लिहून न्या, कारण केबिनमध्ये गेलं की सगळं विसरतं. लाईट कशासाठी देताय, आजार मुळातून घालवायला, परत येऊ नये म्हणून, का दुखणं कमी करायला? किती फ्रॅक्शन? फ्रॅक्शन म्हणजे एक दिवसाचा डोस. सोबत केमो आहे का? कुठल्या भागाला, आणि त्या भागाला त्रास काय होऊ शकतो, लगेचचा आणि वर्षानंतरचा? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, मला वेळ कुठली मिळेल.

फ्रॅक्शनच्या आकड्यावरून बाहेर बाकड्यावर फार चर्चा चालते. कुणाला ३०, कुणाला १५, कुणाला ५, मग ज्याला कमी त्याचं म्हणे हाताबाहेर गेलंय म्हणून डॉक्टरनी उरकलं. असं काही नसतं ओ. छातीला पूर्वी २५ द्यायचे, आता बऱ्याच जणींना १५ मध्ये ३ आठवड्यांत होतं, तोंडाघशाच्या कॅन्सरला ३० ते ३५ म्हणजे ६-७ आठवडे लागतात, आणि हाड दुखतंय म्हणून दिलेली लाईट १, ५ किंवा १० दिवसांत संपते. प्रत्येक जागेचं गणित वेगळं. शेजारच्या बाईच्या आकड्याशी आपला आकडा लावून बघू नका, नुसता जीव जळतो.

यातच काही गोष्टी आपण होऊन सांगायच्या, विचारायची वाट बघायची नाही. पेसमेकर आहे का, पूर्वी कधी कुठंही रेडिएशन झालंय का, शुगर आहे का, दिवस राहण्याची शक्यता आहे का, आणि गावाकडचा कुठला काढा, भस्म, गव्हांकुर, महागड्या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत का. आमचा एक भाचा रोज व्हॉट्सअॅपवर एक नवीन फळाचा रस पाठवायचा. प्रेमानं पाठवतो बिचारा, पण लाईट चालू असताना काय पोटात जातंय ते डॉक्टरांना माहीत पाहिजे. ज्यांना पुढं मूल हवंय आणि लाईट ओटीपोटाला आहे त्यांनी तर सुरू व्हायच्या आधीच तो विषय काढा, लाजू नका, नंतर त्याला उशीर झालेला असतो.

कुठं घ्यायची

आपल्याकडं अजूनही कॅन्सर म्हटलं की मुंबईच. मत घ्यायला जरूर जावा, टाटाला जाऊन कागद दाखवून या, मनाचं समाधान होतं. पण लाईट आठवड्याचे ५ दिवस, आठवडेच्या आठवडे घ्यायची असते. मिरज, कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर इथं सोय आहे. बहुतेक वेळा असं करता येतं की प्लॅन काय करायचा ते मोठ्या ठिकाणी विचारायचं आणि रोजची लाईट घराजवळ घ्यायची, तसं स्पष्ट विचारा डॉक्टरांना. घरचं जेवण, आपली गादी आणि संध्याकाळी गल्लीत चार ओळखीची माणसं, हे मुंबईत भाड्याच्या खोलीत मिळत नाही.

मुंबई-पुण्याला जायचंच असेल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी सवलत आहे, स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये पेशंटचं तिकीट माफ आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या फॉर्मवर हॉस्पिटलची सही-शिक्का लागतो, तो आधीच भरून घ्या, मिरज जंक्शनच्या खिडकीवर उभं राहून आठवून उपयोग नाही. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, मर्यादा आता वर्षाला कुटुंबामागं ५ लाख आहे. हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी बघा, १५५३८८ वर फोन केला तरी सांगतात. तिथं आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याच्याकडं रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन पहिल्याच दिवशी जावा. मंजुरी लाईट सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. आणि रेशन कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं असं बऱ्याच बायकांचं असतं, माहेरचं-सासरचं, ते दुरुस्त करायला वेळ लागतो म्हणून आजच काढून बघा.

मार्किंगचा दिवस

लाईट सुरू व्हायच्या आधी एक दिवस सिम्युलेशन असतं, सगळे त्याला मार्किंगच म्हणतात. त्या दिवशी लाईट देत नाहीत. ज्या पोझमध्ये रोज झोपायचंय त्या पोझमध्ये झोपवून सिटी स्कॅन काढतात, अंगावर शाईनं खुणा करतात नाहीतर सुईनं तिळाएवढे बारीक ठिपके गोंदतात. मग तो स्कॅन घेऊन डॉक्टर आणि फिजिसिस्ट काँप्युटरवर बसून कुठल्या बाजूनं किती किरणं सोडायची ते ठरवतात, त्याला काही दिवस जातात. घरच्यांना वाटतं हॉस्पिटल टाळाटाळ करतंय, पण तो वेळ लागतोच. आम्ही खडूच्या खुणेवर कात्री चालवतो तसंच आहे हे, खूण चुकली तर कापड गेलं.

म्हणून त्या दिवशी जसं झोपाल तसं रोज झोपता आलं पाहिजे. कुठं टोचतंय, मान अवघडलीय, हात बधिर होतोय, तर तेव्हाच बोला. बायका बोलत नाहीत, "चालतंय की" म्हणतात आणि मग रोज सोसत बसतात.

छातीची लाईट असेल तर हात डोक्याच्या वर नेऊन तसाच ठेवावा लागतो. ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असतो, त्यामुळं जखम भरली आणि सर्जननी परवानगी दिली की भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम सुरू करा, रोज, मार्किंगच्या आधीपासून. फिजिओथेरपिस्ट दाखवतो. मी भिंतीवर टेपच चिकटवलेली, शिवणाची, आणि आज कुठवर बोट गेलं ते खडूनं मारायची. डाव्या बाजूला असेल तर कधी कधी श्वास भरून रोखायला सांगतात, त्यानं हृदय किरणांपासून जरा लांब राहतं. त्याची घरी सवय करा, पडल्या पडल्या करता येते.

तोंडाघशाच्या नाहीतर डोक्याच्या लाईटला चेहऱ्याचा मास्क करतात. जाळीदार प्लास्टिकची शीट असते, गरम पाण्यात टाकली की मऊ पडते, ती चेहऱ्यावर बसवतात आणि काही मिनिटांत कडक होते. नाका-तोंडातून श्वास घेता येतो. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी आधी सांगायचं, हातानं खूण करायची ठरवून घ्यायची, लागलं तर डॉक्टर हलकी गोळीही देतात. त्या दिवशी दाढी जेवढी असेल, केस जेवढे असतील तेवढेच पुढं ठेवा, कारण मास्क त्यावर बसलेला असतो.

दागिने घरी ठेवून जावा. मंगळसूत्र काढायचं म्हटलं की सासूबाईंचं तोंड उतरतं, आमच्या आत्यांचंही उतरलं, मग मी ते त्यांच्याच हातात दिलं, म्हटलं तुम्ही सांभाळा तोवर. त्यांना काम मिळालं आणि माझा रोजचा वाद गेला. अंगावरच्या खुणा घासायच्या नाहीत, आणि पुसट झाल्या तर स्वतः पेन घेऊन गिरवायच्याही नाहीत, टेक्निशियनला सांगायचं.

ओटीपोटाची लाईट असेल, म्हणजे गर्भाशयाचं तोंड, प्रोस्टेट वगैरे, तर बऱ्याचदा लघवी भरलेली ठेवायला सांगतात आणि पोट साफ झालेलं लागतं. किती पाणी, किती वेळ आधी ते ते लोक सांगतात. आता कवठेमहांकाळहून किंवा जतहून येणाऱ्या माणसानं घरूनच तांब्याभर पाणी पिऊन गाडीत बसायचं आणि रस्त्याचे खड्डे मोजायचे, हे काही खरं नाही. पोचल्यावर नंबर विचारा आणि मग प्या.

दात आणि मिसरी

तोंड, जीभ, गाल, घसा, जबडा यातल्या कशालाही लाईट असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडं जायचंच. किडलेला दात काढायचा असेल तर लाईटच्या आधी काढून जखम भरू द्यावी लागते, त्याला २-३ आठवडे धरा. लाईट झाल्यावर त्या जबड्यातला दात काढला तर हाड भरून यायला फार त्रास होतो, कधी हाडच सडतं, म्हणून पुढं आयुष्यभर कुठल्याही डेंटिस्टकडं गेलात तरी "मला इथं रेडिएशन झालंय" हे आधी सांगायचं.

आणि तंबाखू, गुटखा, विडी, मिसरी बंद. मिसरीचं मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडच्या बायका ती व्यसनात धरतच नाहीत, दात घासायचं म्हणतात. ती तंबाखूच भाजलेली असते. विडी-सिगारेट चालू ठेवली तर लाईटचा गुण कमी येतो आणि तोंड जास्त सोलवटतं. एकदम जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, सोडवायला औषधं आहेत. चोरून लावू नका, तुमचंच तोंड आहे.

कपडे, हे माझ्या हातातलं काम

इथं जरा रेंगाळते. छातीच्या आणि काखेच्या लाईटला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी लाल, मग काळसर पडते, कोरडी होते, खाजते. सगळ्यात आधी कुठं, तर काखेत आणि स्तनाच्या खालच्या घडीत, जिथं कातडीला कातडी घासते. आता ब्लाऊजच्या मुंढ्याची शिलाई बरोबर तिथंच येते, आणि अस्तर असेल तर दोन दोन दाब. म्हणून लाईटच्या दिवसांसाठी वेगळं शिवून घ्या, दुकानातलं काही चालत नाही.

कापड म्हणजे जुनी, खूप धुतलेली कॉटनची साडी, किंवा मलमल. नवीन कापड घेतलं तर दोन-तीनदा धुऊन खळ घालवून मगच. समोरून उघडणारं, हुकाऐवजी कापडी बंद. बाही वेगळी जोडायची नाही, अंगासकटच कापायची, काखेत चांगली चार बोटं ढिली. आणि मुख्य म्हणजे सगळ्या शिलाया बाहेरच्या बाजूला येऊ द्यायच्या, आत अंगाला नुसतं सपाट कापड. उलटा घातल्यासारखा दिसतो, दिसू दे, वरून ओढणी नाहीतर पदर आहे. रंग गडद घ्या कारण मार्किंगची शाई कपड्याला लागते आणि ती निघत नाही. माझ्याकडं नंतर दोघी-तिघी असंच शिवून घेऊन गेल्या, शिलाई नाही घेतली, कापड तेवढं त्यांचं.

ब्रेसियर शक्यतो नको, वायरची तर नकोच. स्तन काढलेला असेल आणि सिलिकॉनचा लावत असाल तर लाईटच्या दिवसांत तो बाजूला ठेवा, आतून कापूस भरलेला हलका, सैल बसेल असा चालतो का ते विचारा. पुरुषांनी गळ्याला लाईट असेल तर कॉलरचा शर्ट सोडून बिनकॉलरचा सदरा घालावा, आमच्याकडं ते घालायला लाजतात कशाला कुणास ठाऊक.

कातडीची काळजी साधीच आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. त्या भागावर वस्तरा नाही, पावडर नाही, अत्तर नाही, बाम नाही, बर्फ नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. क्रीम डॉक्टर देतील तेच, आणि लाईटच्या आधी किती वेळ लावायचं नाही तेही विचारा. आणि हळद! आपण सांगलीची माणसं, पोत्यानं हळद बघितलेली, कुणालाही खरचटलं की हळद. येणारा प्रत्येकजण सांगणार हळद-तूप लाव म्हणून. लावायची नाही. खुणा झाकल्या जातात, कातडी आणखी चुरचुरते, आणि खाली काय चाललंय ते डॉक्टरांना दिसत नाही. उन्हाळ्यात लाईट असेल तर आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन त्या कातडीवर पडू देऊ नका, दुपारी साडेबाराचा नंबर मिळाला तर बदलून मागा.

त्या खोलीत काय होतं

काहीही नाही, खरंच. टेबलावर झोपायचं, टेक्निशियन लेझरच्या रेषेवर खुणा जुळवून घेतात, यातच जास्त वेळ जातो, मग ते बाहेर जातात, दार बंद, मशीन गुरगुरत भोवती फिरतं आणि काही मिनिटांत झालं. दुखत नाही, भाजत नाही, चटका बसत नाही. ते बाहेर काचेपलीकडं किंवा टीव्हीवर तुम्हाला बघत असतात, बोललात तर ऐकू जातं. मी त्या वेळात मनातल्या मनात पुढच्या ब्लाऊजचं कटिंग करायची.

बाहेरून दिलेल्या लाईटनं तुमच्या अंगात किरणं साठून राहत नाहीत. घरी आल्यावर नातवंडाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा, नवऱ्याशेजारी झोपा. आतून देतात त्या ब्रॅकीथेरपीतही साधारणपणे किरणांचा सोर्स अंगातून काढून घेतल्यावर मागं काही उरत नाही. थायरॉईडला आयोडीन पाजतात ते वेगळं प्रकरण, तिथं खरोखर काही दिवस लांब राहायला सांगतात. आणि केस फक्त जिथं लाईट पडते तिथलेच जातात, छातीच्या लाईटनं डोक्याचे जात नाहीत.

खाणं

डाएटचे तक्ते खूप मिळतात, मी दोनच गोष्टी सांगते. वजन कमी होऊ द्यायचं नाही, आणि प्रथिनं रोज पोटात गेली पाहिजेत, म्हणजे अंडं, डाळ, उसळ, दूध, पनीर, खात असाल तर मासे-चिकन. तोंडाघशाच्या पेशंटचं वजन उतरलं की मास्क सैल होतो आणि मार्किंग परत करायची पाळी येते. या काळात एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस, सगळे उपास दुसऱ्याला द्या. आमच्या घरी माझे उपास मुलानं घेतले, पहिल्यांदाच केले त्यानं, साबुदाण्यावर ताव मारत.

तोंड आलं की भडंग, ठेचा, लोणचं, आंबट द्राक्षं बंदच करावी लागतात, डोळ्यातून पाणी येतं. मऊ भात-मुगाचं वरण-तूप, थंड केलेली ज्वारीची आंबील, नाचणीची खीर, केळं, पातळ शिरा असं चालतं. दिवसातून बऱ्याचदा गुळण्या, १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा. गिळताच येईना झालं तर नाकातून नळी घालतात, त्याला घाबरू नका, शेवट आला असा त्याचा अर्थ नसतो, लाईट पूर्ण व्हावी म्हणून घालतात आणि नंतर काढतात. ओटीपोटाच्या लाईटला जुलाब होऊ शकतात, तेव्हा तिखट, तळलेलं, कच्च्या कोशिंबिरी कमी, ओआरएस घरात, आणि औषध डॉक्टरांचं.

दिवस कसा लावायचा

थकवा येतो. पहिल्या आठवड्यात वाटत नाही, मग हळूहळू चढतो, झोपून जात नाही असला थकवा. गंमत म्हणजे त्यावर रोज थोडं चालणंच उपयोगाला येतं, नुसतं पडून राहिलं की वाढतो. मी संध्याकाळी घाटावर जाऊन यायची, जेवढं जमेल तेवढं, बाकी बसायचं आणि नदी बघायची.

वेळ मागताना आपल्या कामाचा विचार करून मागा, मिळतेच असं नाही पण मागितल्याशिवाय तर नाहीच मिळत. मला सकाळची मिळाली. आल्यावर जेवण, दोन तास झोप, चार ते सात दुकान. लग्नसराईच्या ऑर्डरी सरळ नाही म्हटल्या, फॉल-पिको आणि साधे ब्लाऊज तेवढे घेतले, तारीख नेहमीपेक्षा पुढची दिली. मशीनवर हाताखालची पोरगी, कटिंग मी. गिऱ्हाईक तुटतील वाटलं होतं, तुटलं नाही कुणी. नोकरीवाल्यांनी साहेबांना अर्ध्या दिवसाचं विचारून बघा, सगळी रजा आधीच उडवू नका, थकवा शेवटी शेवटी जास्त असतो तेव्हा ती लागते.

शनिवार-रविवार बहुतेक ठिकाणी लाईट नसते, ते दोन दिवस नातेवाइकांना वाटू नका. एखादी आवडीची गोष्ट शनिवारी ठेवाच. भावे नाट्यमंदिरात नाटक लागलं असेल तर जावा, हरिपूरला संगमावर जाऊन बसा, मैत्रिणीला बोलावून पत्ते खेळा. ज्यांना गाता येतं त्यांनी गावं, ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांनी बागेत खुर्ची टाकून छाटणी करणाऱ्यांवर ओरडावं, फवारणीच्या दिवशी तेवढं लांब राहावं. गौरी आम्ही बसवल्या, फराळ विकत आणला, कुणी उपाशी नाही गेलं.

भेटायला येणारे हा एक स्वतंत्र त्रास. माणसं चांगली असतात पण दुपारी दोनला, तुम्हाला नुकती झोप लागलेली असताना, आमच्या मेव्हणीच्या नणंदेचं असंच झालं होतं हे सांगायला येतात. घरातल्या एकाला, शक्यतो जरा फटकळ माणसाला, फोन आणि दाराची जबाबदारी द्या. रात्री झोप लागत नाही, रडू येतं, कशातच लक्ष नाही असं होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

नवरा-बायकोचं जवळ येणंही बंद ठेवायचं कारण नाही, त्रास होत नसेल तर. ओटीपोटाच्या लाईटनंतर मात्र योनीमार्ग आखडू शकतो, तो मोकळा ठेवायला डायलेटर म्हणून गुळगुळीत नळीसारखं साधन असतं, ते वापरायला शिकवतात, त्याबद्दल सिस्टरना विचारा. आणि लाईटच्या काळात दिवस जाऊ द्यायचे नाहीत, हे दोघांनाही लागू.

खाडा, आणि पावसाळा

लाईटला खाडा करायचा नाही. विशेषतः तोंडाघशाच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबले की गुण कमी येतो. मशीनही कधी बंद पडतं. एका हॉस्पिटलात आम्ही दहा-बाराजण सकाळपासून बसलो आणि दुपारी कळलं आज मशीन चालणार नाही, फोन कुणी केला नव्हता. तेव्हापासून मी निघायच्या आधी डिपार्टमेंटला फोन करायची, मिस्ड कॉल का होईना. राहिलेला डोस कसा भरून काढायचा ते डॉक्टर ठरवतात, तेवढं विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये लाईट येत असेल तर नदीकाठच्या गावांनी, पलूस, वाळवा, मिरज तालुक्यातल्यांनी, आधीच ठरवून ठेवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. पण गावचे छोटे पूल आणि रस्ते त्याच्या कितीतरी आधी जातात. २०१९ आणि २०२१ बघितलंय आपण. पाणी चढायला लागलं की वाट न बघता फाईल, औषधं, चार कपडे घेऊन हॉस्पिटलच्या बाजूच्या पाहुण्यांकडं जावा, आधी त्यांना सांगून ठेवा. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये, आणखी एका माणसाच्या मोबाईलमध्येही.

हाडाची लाईट

माझ्यासारखं ज्यांचं हाडात आहे त्यांच्यासाठी. ही लाईट दुखणं उतरवायला असते, कधी कधी एकच मोठा डोस देतात आणि पुष्कळांना तो पुरतो. पण पहिल्या काही दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं, ते आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही, गोळी विचारून ठेवा. गुण यायला २ ते ४ आठवडे जातात, तोवर दुखण्याच्या गोळ्या आपल्या आपण बंद करायच्या नाहीत. घरात घसरायच्या जागा बघा, न्हाणीघरात रबरी पायपुसणं, घागर-बादली उचलणं बंद. मी दुकानात पायमशीन काढून मोटर लावून घेतली आणि कटिंगचं टेबल उंच केलं, वाकावं लागत नाही.

आणि हे लक्षात ठेवाच, मणक्यात आजार असताना पायातली ताकद कमी वाटली, पाय बधिर झाले, चालताना लटपटायला लागले, लघवी-संडासचा ताबा गेला, तर सोमवारची ओपीडी बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं.

बाकी कुणालाही ताप १००.४ च्या वर गेला, मुख्यतः केमो सोबत असेल तर, पाणीसुद्धा गिळेना, कातडी फुटून पाणी यायला लागलं, दम लागला, तर पुढच्या आठवड्याच्या तपासणीपर्यंत थांबू नका. आठवड्यातून एकदा डॉक्टर बघतात, रक्त बघतात, ती भेट चुकवू नका, रांग लांब असली तरी.

संपल्यावर

शेवटच्या दिवशी पेढे वाटून घरी आलं की वाटतं झालं, पण कातडीचा आणि तोंडाचा त्रास लाईट संपल्यावर आठवडा-दोन आठवडे वाढतोच, मग उतरतो. थकवा त्याहून जास्त दिवस रेंगाळतो. म्हणून पुढच्याच आठवड्यात मोठी ट्रिप, घरचं लग्न, दुकानाचा पूर्ण दिवस असं काही लावू नका. मऊ ब्लाऊज अजून लागतात, लगेच बोहारणीला देऊ नका.

आणि हॉस्पिटलातून ट्रीटमेंट समरीचा कागद मागून घ्या, नुसतं बिल आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येऊ नका. कुठल्या भागाला, किती ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप), किती फ्रॅक्शनमध्ये, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, हे त्यात असतं. पाठीच्या लाईटच्या वेळी डॉक्टरांनी माझ्याकडं पहिला मागितला तो हाच कागद, कारण एकाच जागी किरणं परत पडणार नाहीत ना ते त्यांना बघायचं होतं. दोन झेरॉक्स काढा, एक घरी ट्रंकेत आणि एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडं, बहिणीकडं म्हणा, भावाकडं म्हणा.